तड्याचा हिशेब

आमच्या लहानपणी बाजारात खानापूरची मडकी येत. मडके घ्यायचे झाले की आई ते डाव्या हातावर तोलून धरी आणि उजव्या हाताच्या बोटाने वाजवून बघे. खणखणीत वाजले तर घ्यायचे, 'बद्द' वाजले की परत ठेवायचे. "कुठंतरी तडा असंल," एवढेच ती म्हणे. डोळ्यांना काहीच दिसत नसे, पण कुंभारही कधी वाद घालीत नसे. पुढे मिरजेच्या स्टेशनावर लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीच्या चाकांवर ठोके देत जाणारा माणूस पाहिला, तेव्हा मला आईच आठवली. दोघांची विद्या एकच होती. मोडण्याआधी वस्तू काय सांगते ते कानाने ऐकायचे.

परंतु ही विद्या एका ठिकाणी थांबते. तडा आहे की नाही, एवढेच ती सांगते. असलेला तडा पुढे किती जाईल, किती दिवसांत जाईल, आणि केवढा झाला म्हणजे वस्तू एका क्षणात दुभंगेल, याचे उत्तर आईजवळ नव्हते आणि त्या हातोडेवाल्याजवळही नव्हते. ते उत्तर शोधायला माणसाला विसावे शतक उजाडावे लागले. त्या शोधाचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेख.

मी इतिहासाचा एम. ए. लोखंडाशी माझा संबंध शाळेच्या घंटेपुरता, असे कोणीही म्हणेल. पण आमच्या घराचा मात्र लोखंडाशी जुना आणि दुखरा संबंध आहे. बेळगावातील शेकडो मराठी आणि कानडी घरे फाउंड्रीवर जगली, त्यांतलेच आमचे एक. मी आठवीत असताना माझे थोरले बंधू एका कारखान्यात साच्यांच्या कामावर होते. एके सकाळी चेनपुलीचा हुक तुटला, भरलेला साचा खाली आला आणि दादांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. त्या वेळी ते बावीस वर्षांचे होते. चौकशीत 'लोखंड सदोष होते' अशी एक ओळ लिहिली गेली. घरात 'नशीब' हा एक शब्द उच्चारला गेला आणि विषय संपला.

तो संपला नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. एकदा दादा सहज बोलून गेले, "हुकाला तडा होता रे. सगळ्यांनी बघितलेला. शेजारचा मल्लप्पा रोज म्हणायचा, बिरुकु बिट्टैती, बिरुकु बिट्टैती. पण रोज चालायलंय म्हटल्यावर कोण थांबवणार?"

बिरुकु म्हणजे तडाच. तडा, भेग, चीर असे तीन शब्द मराठीत, कानडीत आणखी एक, आणि शिवाय कारखान्यातला 'क्रॅक'. इतके शब्द त्या हुकाभोवती रोज बोलले जात होते. नव्हता तो फक्त एक आकडा. केवढा तडा झाला की थांबायचे, हे सांगणारा.

गेल्या उन्हाळ्यात माझी एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. आमच्याच मराठी माध्यमाच्या हायस्कुलातून शिकलेली आणि आता पुण्यात इंजिनिअर असलेली. काय काम करतेस, असे विचारले तेव्हा तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर पोलादाचा एक चौकोनी तुकडा होता. त्याच्या एका बाजूला खाच, खाचेच्या वर आणि खाली एकेक भोक. भोकांत खिळे घालून कोणीतरी तुकडा वर-खाली ओढत असावे, तशी खाच हळूहळू उघडत गेली. तिच्या टोकापाशी लाल रंग दाटला आणि तिथून एक चीर पुढे सरकू लागली.

"सर, हा तुकडा अजून कापलेलासुद्धा नाही," ती म्हणाली. "हे सगळं गणितात चाललंय."

"मग तो तुटतो कुठं, हे तुला कळलं कसं?"

ती हसली. "ते सांगायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागेल, सर. तो तुमचा विषय."

म्हणून मागे गेलो.

*

वस्तू किती बळकट आहे हे मोजण्याची हौस जुनीच. लिओनार्दो दा विंची याने लोखंडी तारेला टोपली टांगून, टोपलीत वाळू सोडत सोडत तार केव्हा तुटते ते पाहण्याचा प्रयोग आपल्या वहीत लिहून ठेवला आहे. आखूड तार लांब तारेपेक्षा जास्त वजन पेलते, असे त्याला दिसले. एकाच धातूच्या, एकाच जाडीच्या तारांत हा फरक का पडावा? लांब तारेत कुठेतरी दोष असण्याचा संभव जास्त, हे त्याचे कारण आज आपण सांगू शकतो. त्यापुढे हा प्रश्न चार शतके तसाच राहिला.

मग रेल्वे आली. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डब्यांना आग लागली आणि पन्नासाहून अधिक माणसे मेली. तो आस चांगल्या लोखंडाचा होता आणि रोज तेवढेच ओझे वाहत होता. आजच का मोडला? पुढे जर्मनीत आउगुस्ट व्होलर या रेल्वेच्या इंजिनिअराने वर्षानुवर्षे आस फिरवून दाखवून दिले, की एका झटक्यात जे ओझे लोखंड सहज पेलते, तेच लाखो वेळा चढवले-उतरवले तर ते मोडते. धातूही थकतो. 'रोज चालतंय' हा पुरावा नव्हे, हे विज्ञानाने दीडशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते. ते आमच्या गल्लीतल्या कारखान्यापर्यंत पोहोचले नव्हते, एवढेच.

परंतु थकलेला धातू नेमका कुठे तुटतो? त्याचे पहिले उत्तर १९१३ साली चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश प्राध्यापकाने जहाजांच्या पत्र्यांविषयी लिहिताना दिले. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लांबट, म्हणजे रुंदीच्या दहापट लांब असेल, तर टोकाशी तो एकवीसपट होतो. कापडवाला मांजरपाट फाडताना आधी कडेला कात्रीने बारीक खाच देतो आणि मग दोन्ही हातांनी ओढतो. ती खाच नसेल तर पैलवानालाही कापड फाडता येणार नाही. सगळा ताण खाचेच्या टोकाशी गोळा होतो, एवढेच इंग्लिसने गणितात मांडले.

पण त्यातून एक कोडे उभे राहिले. चीर जितकी अणकुचीदार, तितका टोकाशी ताण जास्त. अगदी धारदार चीर असेल तर हिशेबाने ताण अनंत व्हायला हवा. मग जगातली बारीकशी चीर असलेली प्रत्येक वस्तू बोट लावताच तुटायला हवी. तशी ती तुटत नाही. का?

हे कोडे सोडवले अॅलन अर्नोल्ड ग्रिफिथ या तरुणाने. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमानांच्या सरकारी संशोधन केंद्रात तो काम करीत होता. १९२० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने आपला निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला. धातूऐवजी त्याने काच घेतली, कारण काच वाकत नाही, सरळ तुटते. काचेचे बारीक बारीक धागे ओढून त्याने त्यांची ताकद मोजली. एक मिलिमीटर जाडीच्या धाग्यापेक्षा केसाहूनही बारीक धागा, जाडीच्या प्रमाणात पाहिले तर, सुमारे वीसपट बळकट निघाला. लिओनार्दोच्या तारेचेच हे पुढचे पान. धागा जितका बारीक, तितकी मोठ्या दोषाला जागा कमी.

पण त्याची खरी देणगी निराळी आहे. ताण किती, हा प्रश्नच त्याने बाजूला ठेवला आणि दुकानदारासारखा जमाखर्च मांडला. चीर पुढे सरकते तेव्हा दोन नवे पृष्ठभाग तयार होतात. त्यांना ऊर्जा लागते. तो खर्च. त्याच वेळी चिरेच्या आजूबाजूचा ताणलेला भाग सैल होतो आणि त्यात साठलेली ऊर्जा मोकळी होते. ती जमा. खर्च चिरेच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो, जमा मात्र लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून चीर लहान असते तोवर तिला पुढे सरकणे परवडत नाही आणि ती जागच्या जागी बसून राहते. एका ठरावीक लांबीला मात्र पारडे फिरते. तिथून पुढे प्रत्येक पाऊल फायद्याचे, आणि मग चीर कोणासाठी थांबत नाही.

वाचकहो, मला हा हिशेब समजला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. 'रोज चालतंय' आणि 'आज तुटलं' ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे मला आयुष्यात प्रथमच कोणीतरी समजावून सांगितले होते.

*

ग्रिफिथ पुढे विमानांच्या इंजिनांकडे वळला आणि तिथेही त्याने नाव कमावले. त्याचा काचेचा हिशेब मात्र धातूच्या माणसांनी मनावर घेतला नाही. पोलाद काही काच नव्हे, ते वाकते, ताणले जाते, असे त्यांचे म्हणणे होते.

ते मनावर घ्यायला एक महायुद्ध लागले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७१० 'लिबर्टी' मालवाहू जहाजे बांधली. घाई होती म्हणून पत्रे रिव्हेट न मारता वेल्डिंगने जोडले. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री, ऑरेगन राज्यातील पोर्टलंडच्या गोदीत 'स्केनेक्टडी' नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात धक्क्याला उभे होते. वादळ नव्हते, शत्रू नव्हता. मैलभर ऐकू जाईल असा आवाज झाला आणि जहाजाची पाठ मोडली. तळाचे पत्रे तेवढे जोडलेले राहिले. त्या काळातल्या वेल्डिंगच्या सुमारे हजार जहाजांना लहानमोठे तडे गेले.

दोष सर्वांनी वेल्डिंगवर ढकलला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीने दाखवून दिले, की मूळ दुखणे पोलादात आहे. उबेत चिवट असणारे ते पोलाद एका ठरावीक तापमानाखाली काचेसारखे ठिसूळ होते. वेल्डिंगचा दोष वेगळाच. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबे. वेल्डिंगने सारे जहाज एकसंध पत्रा झाले, आणि तड्याला वाटेत उंबरठाच उरला नाही. हत्तींच्या झुंजीत नव्हे, थंडीच्या एका रात्री काचेचा हिशेब पोलादाला लागू पडला.

तो नीट बसवून दिला जॉर्ज रँकिन आयर्विन या अमेरिकन संशोधकाने. या गृहस्थाची पहिली पदवी इंग्रजी साहित्याची होती, हे वाचून माझ्यासारख्या कलाशाखेच्या माणसाला किती बरे वाटले म्हणून सांगू! वॉशिंग्टनच्या नौदल प्रयोगशाळेत काम करताना त्याने ओळखले, की पोलादात चीर पुढे सरकताना नुसते नवे पृष्ठभाग तयार होत नाहीत. टोकापाशी धातू पिळवटतो, ताणला जातो, आणि या खटाटोपात कितीतरी जास्त ऊर्जा खर्ची पडते. तो सगळा खर्च एकत्र धरला की ग्रिफिथचाच जमाखर्च पोलादाला चालतो. चिरेच्या टोकाची तीव्रता १९५७ साली त्याने एका आकड्यात बसवली. 'के' हे अक्षर त्याने आपल्या कीज नावाच्या सहकाऱ्यावरून घेतले, आणि मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेला ग्रिफिथच्या नावातले 'जी' दिले. तीव्रता ज्या आकड्याला पोहोचली की तडा सुटतो, तो आकडा म्हणजे त्या धातूचा चिवटपणा.

बळकटी आणि चिवटपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात ठेवावे. कानस बळकट असते, पण फरशीवर आपटली तर मोडते. बांधकामाची तार तेवढी बळकट नसते, पण वाकवून वाकवून हात दुखले तरी पटकन तुटत नाही. आता हिशेब पाहा. एका मोठ्या पोलादी पत्र्यावर दर चौरस मिलिमीटरला २०० न्यूटन ताण आहे आणि पोलादाचा चिवटपणा इंजिनिअरांच्या एककात ५० आहे. अशा पत्र्यात मध्यभागी सुमारे ४० मिलिमीटर लांबीची आरपार चीर होईपर्यंत तो टिकतो. चिवटपणा निम्मा, म्हणजे २५ असेल, तर चीर २० मिलिमीटर चालेल असे आपल्याला वाटेल. तसे नाही. ती १० मिलिमीटर झाली की संपले. चिवटपणा निम्मा झाला तर धोक्याची चीर चौथाई होते. हा आकडा डोळ्यांना दिसत नाही, आणि टिचकीने ऐकूही येत नाही.

आयर्विनचे काम चालू असतानाच आणखी एक धडा मिळाला होता. 'कॉमेट' हे जगातील पहिले प्रवासी जेट विमान. २ मे १९५३ रोजी कलकत्त्याहून उडालेले एक कॉमेट वादळात मोडून पडले आणि ४३ माणसे गेली, त्याचा दोष वादळावर गेला. पण १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ ३५ आणि ८ एप्रिलला नेपल्सजवळ २१ माणसांसह दोन कॉमेट स्वच्छ आकाशात फुटली. ब्रिटिशांनी एक आख्खे विमान पाण्याच्या टाकीत बसवले. प्रत्येक उड्डाणात हवेचा दाब जसा चढतो-उतरतो, तसा पाण्याचा दाब ते पुन्हा पुन्हा चढवू-उतरवू लागले. आधीची खरी उड्डाणे आणि टाकीतली खोटी मिळून सुमारे तीन हजारांवर आकडा गेला, तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यापाशी तडा सुटून विमान फाटले. समुद्रात बुडालेली विमाने तर नऊशे-तेराशे उड्डाणांतच गेली होती. आणि ही टाकी होती कुठे? फार्नबरोला! ग्रिफिथने ज्या गावी काचेचे धागे ओढले, तिथेच.

तडा रोज किती सरकतो, याचा नियम पुढे अमेरिकेत पॉल पॅरिस याने मांडला. ओझ्याच्या प्रत्येक फेरीत चीर किती पुढे जाते, ते त्या तीव्रतेच्या चढउतारावरून काढता येते, असे त्याचे म्हणणे. नामांकित नियतकालिकांनी त्याचा निबंध साभार परत पाठवला. शेवटी १९६१ साली एका विद्यापीठाच्या छोट्या पत्रिकेत तो छापून आला. आज विमाने त्या नियमाच्या आधारे तपासली जातात. दिवाळी अंकांना लेख पाठवून परत आलेल्या मंडळींनी ही हकीकत जरूर ध्यानात ठेवावी.

आणि १५ डिसेंबर १९६७ ची संध्याकाळ. अमेरिकेत ओहायो नदीवरचा १९२८ साली बांधलेला 'सिल्व्हर ब्रिज' एका मिनिटाच्या आत नदीत गेला आणि ४६ माणसे मेली. पूल पोलादी पट्ट्यांच्या साखळीने तोललेला होता. एका पट्टीच्या डोळ्यात, जिथे खिळा बसतो तिथे, सुमारे अडीच मिलिमीटर खोलीची चीर होती. पूल उलगडल्याशिवाय ती कोणालाच दिसली नसती. हे वाचताना मला चेनपुलीचा हुक दिसत होता. फरक एवढाच, की आमच्या हुकाचा तडा दिसत होता.

*

आता त्या लॅपटॉपकडे येऊ.

हिशेब कागदावर मांडता येतो तो सरळ पत्र्याचा, सरळ चिरेचा. हुकाला वळण असते, पात्याला पीळ असतो. म्हणून १९५०च्या दशकात विमानांच्या इंजिनिअरांनी एक युक्ती काढली. सगळी वस्तू लहान लहान चौकोन-त्रिकोणांच्या जाळीत तोडायची, प्रत्येक तुकड्याचे सोपे गणित मांडायचे आणि हजारो समीकरणे यंत्राकडून एकदम सोडवून घ्यायची. रे क्लफ याने १९६० साली या पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिले. मुले आलेखाच्या कागदावर पिंपळपानाचे क्षेत्रफळ काढतात, त्याच जातीची ही कल्पना. चौकोन बारीक घ्या, उत्तर खऱ्याच्या जवळ जाते.

पण चिरेच्या टोकाशी ही युक्तीही अडखळली. तिथे ताण अनंताकडे धावतो, मग कितीही बारीक जाळी घ्या, ती अपुरीच. जेम्स राइस याने १९६८ साली यातून सुरेख वाट काढली. सोव्हिएत रशियात चेरेपानोव यानेही आदल्या वर्षी तीच स्वतंत्रपणे शोधली होती. टोकाशी जाऊच नका, भोवती दुरून एक प्रदक्षिणा घाला आणि वाटेत जे दिसेल ते मोजत या. प्रदक्षिणा जवळून घाला की लांबून, टोकाकडे वाहणाऱ्या ऊर्जेचे उत्तर तेच येते. देवळाच्या गाभाऱ्यात न शिरता देवाचा अदमास घेण्यासारखेच हे. संगणकाला ते फार सोयीचे पडले. या कामात पुढे मोठे नाव झालेल्यांत आपल्या आंध्रचे सत्य अटलुरी हेही आहेत.

तडा केव्हा सुटेल हे असे कळू लागले. तो सुटल्यावर कसा चालेल, हे दाखवायला आणखी कल्पना लागल्या. माझ्या विद्यार्थिनीने वापरलेली कल्पना डगडेल आणि बारेनब्लाट यांच्या १९६० च्या सुमाराच्या लिखाणातून आली आहे. चीर जिथून जाईल त्या रेषेवर, असे समजा, की दोन्ही बाजू एका काल्पनिक डिंकाने चिकटवल्या आहेत. बाजू दूर होऊ लागल्या की डिंक आधी ओढून धरतो, मग सैल पडतो, आणि ठरावीक अंतरानंतर सुटतो. डिंक सुटेपर्यंत जेवढी ऊर्जा खर्च होते, तोच ग्रिफिथचा खर्च! १९७६ साली स्वीडनच्या हिलरबोर्ग याने काँक्रीटच्या चिरेसाठी हा डिंक जाळीत बसवला, आणि पुढे धातूंसाठीही तो वापरात आला. काहींनी धातूत वाढणाऱ्या सूक्ष्म पोकळ्या गणितात घेतल्या. १९९९ मध्ये बेलिचको आणि त्याच्या साथीदारांनी जाळी न बदलता चीर तिच्यातून कशीही जाऊ शकेल अशी सोय केली. त्याच्या आदल्या वर्षी दोघा फ्रेंच संशोधकांनी ग्रिफिथचाच जमाखर्च नव्याने मांडून, चीर स्वतःची वाट स्वतः कशी निवडते, तेही दाखवले. ऐंशी वर्षांनी पुन्हा त्याच तरुणाच्या वहीकडे!

"म्हणजे आता काही तोडायला नको," मी म्हणालो.

"उलट, सर," ती म्हणाली. "तोडल्याशिवाय एक पाऊल पुढं जाता येत नाही."

मग तिने समजावून सांगितले. पडद्यावरचा डिंक किती चिवट धरायचा, हे संगणकाला माहीत नसते. त्यासाठी त्याच पोलादाचा खरा तुकडा कापावा लागतो. यंत्राने केलेली खाच पुरेशी धारदार नसते, म्हणून आधी हजारो वेळा हलके ओढून तिच्या टोकाशी खरी थकव्याची चीर तयार करतात. तुकडाही पुरेसा जाड लागतो, कारण पातळ तुकडा असल्यापेक्षा जास्त चिवट भासतो. मग तो ओढतात. किती जोर लावला तेव्हा खाच किती उघडली, याचा आलेख मिळतो. पडद्यावरच्या तुकड्याचा आलेख त्याच्याशी जुळेपर्यंत डिंकाचे आकडे बसवायचे. एवढ्यावरही भागत नाही. वेगळ्या आकाराचा दुसरा तुकडा घ्यायचा, आकड्यांना हात न लावता आधी उत्तर लिहायचे आणि मग तो खरोखर तोडायचा. उत्तर जुळले तरच गणितावर विश्वास. जाळी बारीक केल्यावर उत्तर बदलत असेल, तर ते उत्तर लोखंडाचे नसून जाळीचे आहे असे समजायचे.

"पडदा रंगीत असतो ना, सर, म्हणून माणसाला लगेच खरं वाटतं," ती म्हणाली. "आमच्यात ज्याला त्याची भीती वाटत नाही, त्याच्या हाती हे काम देत नाहीत."

इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून काय निराळे सांगतात? कागद जुळला तरच बखर मानायची.

*

त्या दिवशी तिला घेऊन मी दादांकडे गेलो. दादांनी सगळे ऐकून घेतले. पडद्यावरची चीर त्यांनी दोनदा बघितली. मग त्यांनी विचारले, "पोरी, आमच्या हुकाला हिशेब लावून दाखवशील? थांबवला असता तर बरं झालं असतं, की आणखी वर्षभर चालला असता?"

तिने वही काढली. हुक केवढा होता? दादांनी हाताने दाखवले. ओझे किती? तेही त्यांना पक्के आठवत होते. तडा केवढा? त्यांनी करंगळीचे नख पुढे केले. "एवढा. आतल्या अंगाला."

"आणि हुकाचं पोलाद कुठलं होतं, काका? त्याचा तुकडा, कागद, काही?"

तुकडा कुठला? तुटलेला हुक आठवड्याच्या आत भंगारात जाऊन भट्टीत वितळला होता. कोणी तपासला नाही आणि कोणी जपूनही ठेवला नाही. तिने पेन खाली ठेवले. "मग मला नाही सांगता येणार, काका. मनानं आकडा धरून काहीही काढून देता येईल. पण ते खरं नसेल."

मला वाटले, दादांना वाईट वाटेल. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे नशीब नव्हतं ते. कोणी मोजलं नाही, एवढंच."

चाळीस वर्षांत त्या अपघाताविषयी आमच्या घरात उच्चारले गेलेले हे पहिले शहाणपणाचे वाक्य. तडा ही आपत्ती नव्हे. जगात तडा नसलेली वस्तू नाही, हे ग्रिफिथच्या काचेने सिद्धच केले आहे. दिसलेला तडा न मोजता सोडून देणे, आणि मोडल्यावर पुरावा भट्टीत घालून मोकळे होणे, ही आपत्ती. आपण सीमाभागातली माणसे दोन दोन भाषांत तक्रार करण्यात पटाईत आहोत. मल्लप्पा कानडीत सांगत होता, दादा मराठीत ऐकत होते आणि दोघांना एकमेकांचे पुरते कळतही होते. भाषेचा अडसर तिथे नव्हता. दोघांच्या हातात पट्टी मात्र नव्हती.

शाळेची घंटा ज्या लोखंडी कमानीला टांगली आहे, तिच्या एका जोडाला बारीक चीर आहे. मी मुख्याध्यापक झालो तेव्हापासून ती मला दिसते आहे. जून महिन्यात शाळा उघडली त्या दिवशी शिपायाला बोलावले. चिरेच्या दोन्ही टोकांशी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारून घेतली आणि शेजारी तारीख लिहिली. पहिल्या तारखेला दहावीच्या मुलांनी पट्टी लावून लांबी मोजायची आणि वहीत नोंदायची, असे ठरवले. रेघेच्या पुढे चीर गेली की घंटा उतरवायची. मग बाई विचारोत, संस्था विचारो, की पालक विचारोत.

ऑक्टोबरपर्यंतच्या नोंदीत चीर होती तिथेच आहे. मुले मात्र आता शाळेतल्या सगळ्या भिंती, बाके आणि झोपाळ्याच्या कड्या तपासत हिंडू लागली आहेत, आणि शिपायाकडचा पांढरा रंग संपत आला आहे.